पोत्याला वजन हवे



मी कामगार संघटनेतला माणूस; चित्रकला शिकलेलो नाही. एकदा हमालांच्या सभेत ओझे कसे उचलावे हे शिकविणारा कार्टूनपट आम्ही दाखविला. पडद्यावरच्या गड्याने ५० किलोचे पोते फुलासारखे उचलले, आणि सारे हसले. पुढचा उपदेश कोणी ऐकलाच नाही.

चुकले कोठे? खरा हमाल आधी गुडघ्यांत वाकतो, मग उचलतो; ओझ्याने त्याचे अंग दबते, आणि ते उतरल्यावरही पाठ हळूहळूच सरळ होते. डिस्नेचे चित्रकार फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ग्रंथात बारा तत्त्वे मांडली. ही पूर्वतयारी, हे दबणे-ताणणे, हा मंदावत जाणारा शेवट त्यांतलेच.

याच पुण्यात प्रभातने १९३४ साली ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला, तेव्हा प्रत्येक हालचाल हाताने रेखाटावी लागे. आज मधली चित्रे संगणक भरतो. पण ती समान अंतराने भरली, तर माणूस चालत नाही, नुसता घसरतो.

म्हणून चित्रकारांना एकच विनंती: एक सकाळ गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उभे राहा. ज्याने दुसऱ्याच्या पाठीवरचे ओझे पाहिले नाही, त्याच्या चित्रातल्या पोत्याला वजन येणार नाही.