किनाऱ्यावरच्या थंडीसाठी गळपट्टा

तोंडवली-तळाशीलच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटला की इथेही कानटोपी, मफलर बाहेर निघतात. मात्र बाजारातली जाड लोकरीची मफलर ऊन चढताच नकोशी होते. म्हणून आपल्या हवेला सुती दोऱ्याचा, क्रोशाने विणलेला गोल गळपट्टा चांगला.

मध्यम जाडीचा दोरा आणि ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्या. साधारण ६० सेंटिमीटर लांबीची साखळी घाला. तिची दोन्ही टोकं जोडताना साखळीला पीळ पडलेला नाही ना, हे नीट पाहा. पीळ राहिला तर तो पुढे काढता येत नाही, सगळं उसवावं लागतं. मग तीन साखळ्या वर घेऊन प्रत्येक साखळीत एकेक खांब घालत गोल फिरा. वीतभर उंची झाली की पुरे. हात सैल ठेवा. ऊब राहते ती विणीत कोंडलेल्या हवेमुळे. घट्ट विणलं तर गळपट्टा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो.

आता घरातल्या लोकरीच्या कपड्यांबद्दल. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश दमटपणा शोषूनही ओली लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिला कसर लागते. लोकरीचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच पेटीत ठेवा. आणि विणलेलं काहीही दोरीवर टांगू नका, ओढलं जातं. सावलीत, सपाट पसरून वाळवा.

घरात क्रोशाचे रुमाल विणणारी आजी असेल, तर पहिली साखळी तिच्याकडूनच शिकून घ्या.