पाण्यावरचे पाखरू, गळावरचे पाखरू



कामगार चळवळीतला माणूस बोनस सोडून मासे धरण्यावर बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण आठ तासांची पाळी मागताना उरलेल्या वेळेचे काय करायचे, हा प्रश्नही आमचाच आहे. शिवाय गळ टाकणे हा काही साहेबांनी आणलेला शौक नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ असे प्रकरणच आहे. मासा कोणता, तो खातो काय, मग त्याला आमिष कोणते, याचा त्यात विचार आहे. आज आम्हांला तेवढेच सांगायचे आहे. फक्त उदाहरण विलायतेचे घेऊ.

तिकडे वसंत सरता सरता स्वच्छ वाहत्या नद्यांवर मेफ्लाय नावाची पाखरे उठतात. अळी होऊन वर्ष-दोन वर्षे तळाच्या गाळात काढायची, आणि पंख फुटल्यावर आयुष्य जेमतेम दोन-चार दिवसांचे. त्या अवस्थेत खाण्यासाठी चालणारे तोंडही त्यांना नसते. ट्राउट मासा त्यांवर तुटून पडतो. मग गळाला पीस-दोरा बांधून खोटे पाखरू करतात.

पेटीत पन्नास नमुने असोत, कोणता काढायचा हे आधी पाण्याकडे पाहून ठरवावे. माशाची पाठ नि शेपूट दिसते, पण तोंड वर येत नाही? मग तो वर निघालेली अळी पाण्याखालीच गिळतो आहे; वर तरंगणारे पाखरू काय कामाचे? वलय उठून मध्ये बुडबुडा राहिला, तर त्याने वरचे टिपले. त्यातही नुकते निघालेले पाखरू मळकट पंखांचे, पंख उभे धरून बसणारे. ते पुन्हा एकदा कात टाकते, तेव्हा पंख काचेसारखे होतात. संध्याकाळी अंडी घालून थकलेले पाखरू पंख पसरून पाण्यावर पडते. नमुना त्या त्या रूपाचा हवा. आकारमान आधी जुळवावे, रंग मागाहून. आणि दोरीच्या ओढीने पाखरू प्रवाहाला आडवे घसरू लागले, की मासा फिरकत नाही. (सभेत बोलण्याआधी चाळीत काय बोलणे चालले आहे ते ऐकावे, हे आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही याच कारणाने सांगतो.)

यावरून तिकडे मोठा वाद झाला. हॅलफर्ड यांच्या पंथाने तरंगते पाखरूच खरे मानले. स्क्यूज नावाच्या वकिलाने धरलेल्या माशांची पोटे तपासली, त्यांत पाण्याखालच्या अळ्या पाहिल्या, आणि 1910 साली पुस्तक लिहून पंथाला आव्हान दिले. 1938 साली लंडनच्या क्लबात त्यावर रीतसर चर्चा झाली. आमचे मत वकिलाच्या बाजूचे. पोट उघडून पाहिलेला पुरावा मोठा.

आता आपल्या हिप्परग्याच्या तलावाकडे या. इथे ट्राउट नाही, त्याला थंड पाणी लागते. आपली रोहू, मृगळ, मरळ, चिलापी. वैशाखात दुपारी काठावर बसणे म्हणजे नुसते ऊन खाणे. पहाट नि तिन्हीसांज खरी. मृगाच्या सरीनंतर वाळवीला पंख फुटून ती पाण्यावर पडू लागली, की चिलापी तीच टिपत बसते. त्या सांजेला कणकेची गोळी पेटीतच राहू द्यावी. बारीक गळ, मागावरचा तपकिरी दोरा आणि कोंबडीचे एक पीस पुरते. खर्च म्हणाल तर चहाइतकाही नाही.

मेफ्लायच्या बऱ्याच जातींच्या अळ्यांना प्राणवायूने भरलेले स्वच्छ पाणी लागते. ओढ्यात गटार सोडले, की अशा जाती आधी जातात. तेव्हा ओढ्याकाठी अशी पाखरे उठेनाशी झाली, तर नगरपालिकेच्या दारी जायची वेळ आली असे समजावे.

एक सांगायचे राहिले. पावसाळ्यात रोहू-मृगळ वाहत्या पाण्यात अंडी घालतात. पोट फुगलेली मादी गळाला लागली, तर हात आधी ओला करावा, कारण कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. गळ हळूच काढून, पाण्यातच धरून, तिला तिच्या जोराने निसटू द्यावे.