कॅसेट, कीबोर्ड आणि कान



‘जुन्या कॅसेट संगणकावर कशा घ्याव्यात’ हा विषय आयोजकांनी एका दृष्टिहीन माणसाला दिला, याचं काहींना नवल वाटलं असेल. मला नाही वाटलं. १९६३ मध्ये फिलिप्सनं बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणली ती मुख्यतः बोलणं टिपून ठेवण्यासाठी, आणि आमच्या पिढीच्या अंध विद्यार्थ्यांनी तिचा नेमका तोच उपयोग केला. कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये क्वचितच मिळायची. मग कुणी बँकेतून निवृत्त झालेले काका, कुणी शेजारच्या ताई संध्याकाळी बसून अर्थशास्त्राचे धडे कॅसेटवर भरून द्यायच्या. मध्येच कुकरची शिटी, खालून भाजीवाल्याची हाक, आणि ‘थांब हं, दोन पानं चिकटलीयत’. हे वाचक आता कुठे भेटणार?

म्हणून कपाट उघडाल तेव्हा आधी निवड करा. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं खुशाल मागे ठेवा, ती तुमच्या कपाटाबाहेरही आहेत. ज्याची दुसरी प्रत जगात नाही ते पुढे घ्या: आजीच्या ओव्या, आखातातून मुलानं पत्राऐवजी पाठवलेली कॅसेट, गावातलं एखादं कीर्तन, आणि हो, व्याख्यानमालांची जुनी ध्वनिमुद्रणंसुद्धा.

कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी तिच्या पाठीवरचे दोन्ही प्लॅस्टिकचे कान मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी आहे का, ते डोळसांना खिडकीतून दिसतं. मला वासानं कळतं. बुरशी असेल तर ती कॅसेट बाजूला ठेवा. लावलीत तर तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल.

यूएसबीचे स्वस्त कॅसेट प्लेअर मिळतात. मला ते पसंत नाहीत. वेग स्थिर राहत नाही, सूर डुलतो. घरातला जुना डेक दुरुस्त करून घ्या. बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा विरघळून चिकट झालेला असतो, एवढंच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हेडवरून आणि फीत ओढणाऱ्या दांड्यावरून फिरवा. डेक जोडायचा तर आजच्या लॅपटॉपला आवाजासाठी बहुधा एकच भोक असतं, आणि त्यात जाणारा आवाज माइकचा समजला जातो. डेकचा आवाज तिथे फाटतो. लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. टेपसमोर मोबाइल धरून बसणाऱ्यांना माझा दंडवत, पण तो पंख्याचाही आवाज भरून घेतो.

आता खरी गंमत. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो. हेड फितीशी काटकोनात बसवण्याचं काम त्याचं. कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचं हेड किंचित तिरपं असेल, तर तुमच्या डेकवर तोच आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. कॅसेट चालू ठेवून घड्याळजीचा स्क्रू-ड्रायव्हर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवा. वाचणाऱ्याचे ‘स’ आणि ‘श’ लख्ख झाले की थांबा. यासाठी डोळे लागत नाहीत. अंध तरुणांनी हे काम व्यवसाय म्हणून करावं, असं मी उगाच म्हणत नाही.

संगणकावर मी एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं तो २००६ मध्ये लिहायला घेतला. तो मोफत आहे, मराठीही बोलतो. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी, तीही मोफत. ‘आर’ दाबलं की मुद्रण सुरू, स्पेसबार दाबला की बंद. पण आवाजाची पातळी दाखवणारे हिरवे-लाल पट्टे मला दिसत नाहीत, मग काय करायचं? कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज थोडा भरून घ्यायचा, तो निवडायचा आणि ‘ॲम्प्लिफाय’ उघडायचं. आवाज अजून किती डेसिबल वाढवता येईल, तो आकडा स्क्रीनरीडर वाचतो. शून्य आला तर आवाज फाटला असं समजा आणि पातळी उतरवा. सहाच्या आसपास असेल तर निश्चिंतपणे पुढे जा. डोळस मित्रसुद्धा हल्ली पट्ट्यांपेक्षा यावरच विसंबतात.

साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. त्याला उपाय नाही, ऐकत बसा. ऐकता ऐकता धडा बदलला की कंट्रोल-एम दाबून लेबल टाका. पुढे त्याच लेबलांवरून तुकडे होऊन वेगवेगळ्या फाइल निघतात. बोलण्याच्या कॅसेट बहुधा मोनो असतात, तेव्हा मोनोच भरा. तासाची फाइल सुमारे ३०० एमबी होते. मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, नातेवाइकांना एमपी३ धाडा. खरखर काढायचा मोह आवरा. फार काढली की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. काढायचीच तर प्रतीतून काढा.

कुणाचा आवाज, कुठलं गाव, साधारण कुठलं वर्ष, हे सांगणारी माणसं घरात आहेत तोवर त्यांच्याच तोंडून अर्ध्या मिनिटाची वेगळी फाइल भरून घ्या. फाइलला ‘टेप १’ असं नाव देऊन भागत नाही. माझ्याकडच्या काही कॅसेटवर ब्रेलच्या पट्ट्या होत्या. गोंद सुकून त्या गळून पडल्या, आणि ते वाचक कोण होते हे आज कुणालाच सांगता येत नाही.

पुस्तकं भरलेल्या कॅसेटबाबत कायद्याची भीती बाळगू नका. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपात प्रत करायला मुभा दिली आहे. मात्र ती फाइल सरसकट सगळ्यांना वाटण्याची मुभा त्यात नाही.

डेक आणि लॅपटॉप मी बरोबर आणलाय. कुणी कॅसेट आणली असेल तर पुढे द्या. तो स्क्रू फिरवून दाखवतो, मग प्रश्न घेऊ.