परतीचा पत्ता
(पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



माइंडस्पेसच्या इमारतींतून रात्री उशिरापर्यंत दिवे का जळतात, असे मघाशी एका पालकांनी मला विचारले. मी तिथला नव्हे, पण अशा रात्री दुसरीकडे पुष्कळ काढल्या आहेत. त्यातली एक हकीगत सांगतो.

आमच्या एका यंत्राचे फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसवलेला प्रोग्रॅम, मधूनच बंद पडे. प्रोग्रॅम कुठे अडकला आणि कोणाकोणाच्या सांगण्यावरून तिथवर पोहोचला, ही साखळी डीबगर दाखवतो. तिच्यात एका नव्या मुलाने लिहिलेल्या भागाचे नाव आले. साहेबांनी त्याला सर्वांसमोर फैलावर घेतले. तीन दिवस तो बिचारा आपली चूक शोधत बसला. त्याची चूक नव्हतीच.

एक भाग दुसऱ्याला काम सांगतो तेव्हा परतीचा पत्ता स्टॅक नावाच्या जागेत ठेवावा लागतो. सी भाषेत लिहिले तर तो कुठे ठेवला याची नोंद कंपायलर करून देतो. असेंब्लीत सगळा हाताचा कारभार. आमचा प्रोसेसर 32 बिटांचा, रिस्क-फाइव्ह जातीचा. सी-डॅकचे वेगा प्रोसेसरही याच जातीचे. आमच्या असेंब्लीने स्टॅक 16 बाइट खाली नेला, तिथून 12 बाइट वर पत्ता ठेवला आणि कोणालाच कळवले नाही. डीबगरने अंदाजाने भलताच जुना पत्ता उचलला.

उपाय म्हणजे सीएफआयच्या ओळी. 'स्टॅक 16 ने हलला' ही एक. 'पत्ता मूळ जागेच्या 4 बाइट खाली आहे' ही दुसरी. 16 उणे 4 बरोबर 12, हा हिशेब इथल्या पाचवीच्या मुलालाही जमेल. प्रोसेसर या ओळी पाळत नाही, त्या डीबगरसाठी असतात. चिपमध्ये न भरता समोरच्या संगणकावर ठेवल्या तरी चालतात. परतताना स्टॅक वर आणला की तेही नोंदवायचे. इथे मी स्वतः दोनदा चुकलो. यंत्र सुरू होताच धावणाऱ्या पहिल्या भागाला बोलावणारा कोणी नसतो. तिथे पत्ता 'अनडिफाइन्ड' असे लिहावे, नाहीतर डीबगर त्याच्याही मागे कोणालातरी उभा करतो.

जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये लिहिला. तो विनामूल्य मिळतो, तेव्हा कॉलेजच्या मुलांनी हे घरी करून पाहावे.

ओळी घातल्यावर साखळीत खरा दोषी भाग दिसला. तो मी लिहिलेला होता. साहेबांच्या खोलीत जाऊन तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, त्या ओळी कशा लिहायच्या ते मला दाखवा."