फुलपाखराचा फोटो कसा मिळवायचा

आज बोलायचंय फुलपाखरांच्या फोटोंबद्दल. हसू नका, काम गावाचंच आहे. 2002च्या जैवविविधता कायद्यामुळे ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही आली. गावातली झाडं, पक्षी, किडे तीत लिहायचे. तिथं नुसतं ‘पिवळं फुलपाखरू’ लिहून काय उपयोग? पिवळ्यांच्या कितीतरी जाती. फोटो असला, की जाणकाराला दाखवून नाव लावता येतं.

पण ते थांबेल तर ना! आपलं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, 2015 साली त्याला हा मान मिळाला. काळं, मोठं, निळ्या पट्ट्यांचं. फुलातला रस पितानाही त्याचे पंख फडफडतच असतात. फोटोत उरतो निळा डाग.

म्हणून मागे धावायचं नाही. सकाळचं कोवळं ऊन गाठा. अंग तापल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही, म्हणून बरीचशी पंख पसरून उन्हात बसतात. हळू पुढं व्हा, खाली वाका, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. पहिला फोटो लांबूनच घ्या, मग जवळ जा. हापशाजवळच्या ओल्या मातीवरही थवे बसतात, क्षार शोषायला. त्यात बहुतेक नरच असतात बरं का!

याहून सोपी वाट झाडाची. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर झटकू नका. ती अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, मग कोष करते. फुलपाखरू कोषातून निघालं, की पंख सुकेपर्यंत तिथंच लटकून राहतं. एवढा निवांत वेळ ते पुन्हा कधी देत नाही. मोठ्या झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही. लहान रोपाचा मात्र पाला संपतो. तेव्हा अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवा, लगेच फवारणीचा पंप काढू नका.

आता एक फसवाफसवी. बांधावरच्या रुईवर केशरी, काळ्या किनारीचं फुलपाखरू वाढतं, प्लेन टायगर. रुई खाल्ल्यानं ते कडू होतं, पक्षी त्याला टाळतात. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब तसंच रूप घेते, पण ती कडू नसते. तिच्या अळ्या घोळाच्या भाजीवर वाढतात! प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात, तिच्या तिथं नसतात. म्हणून पंख मिटलेला आणि उघडलेला, असे दोन्ही फोटो हवेत. एकच मिळाला तर घाईनं नाव लावू नका.

काहीजण फुलपाखरू पकडून गारठवतात आणि फुलावर ठेवून फोटो काढतात. असला फोटो नोंदवहीत नको. बोटांना लागते ती पंखांवरची बारीक खवलं असतात, ती परत येत नाहीत.

फोटोबरोबर तारीख, वेळ, जागा आणि ते कशावर बसलं होतं तेही लिहा. गवतात जाताना दोघी मिळून जा, पायात बूट असू द्या आणि हातात काठी.