पाण्याची वाट सातबाऱ्यावर नसते

(नांदगाव खंडेश्वर येथील बैठकीत केलेले भाषण)



आत्ता आमची ओळख करून देताना सांगितले गेले की ही रस्त्याच्या कामात नदीनाल्यांच्या परवानग्या पाहणारी माणसे आहेत. परवानगी हा शब्द ऐकल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या चारदोन कपाळांना आठ्या पडल्या. साहजिक आहे. शेतकऱ्याच्या वाट्याला परवानगी आली ती नेहमी त्याचे हात बांधायलाच आली. म्हणून आधीच सांगून टाकतो, आम्ही परवानगी देत नाही. रस्ता बांधणाऱ्याला सरकारकडे मंजुरी मागताना पर्यावरणाचा अहवाल जोडावा लागतो. त्यातली झाडे, पाखरे, मासे आणि नाले यांची प्रकरणे आम्ही लिहितो. आमची मजुरी कोण देतो? रस्ता बांधणाराच देतो. ज्याचे काम तपासायचे त्याचेच मीठ खायचे, अशी ही नोकरी आहे. हे झाकून ठेवून पुढचे बोललो तर तुम्ही आमचा एक शब्द ऐकू नका.

या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. त्यातला नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. धामणगाव, चांदूर आणि नांदगाव हे आपले तीन तालुके त्याने ओलांडले. रस्ता चांगला की वाईट, हा आजचा विषय नाही. कापूस लवकर बाजारात पोचला तर कोणाला नको आहे? आजचा विषय एवढाच की रस्ता आडवा पडतो आणि पाणी उभे वाहते, तेव्हा दोघांची गाठ कुठे घालायची हे ठरवतो कोण?

थोडा हिशेब करू. असा महामार्ग साधारण १२० मीटर रुंदीची जागा घेतो. म्हणजे एका किलोमीटरला १२ हेक्टर, आपले ३० एकर. या तीस एकरांवर ५० मिलिमीटरचा एक पाऊस पडला तर ६० लाख लिटर पाणी झाले. पूर्वी त्यातले बरेचसे वावरात मुरत होते, आता डांबर आणि काँक्रीट त्याला मुरू देत नाही. पण हे पाणी त्या मानाने थोडे. खरा प्रश्न वरच्या अंगाच्या पाण्याचा. समजा रस्त्याच्या वर १०० एकरांचा उतार आहे. तोच ५० मिलिमीटरचा पाऊस तिथे पडला की दोन कोटी लिटर झाले. काळी जमीन कशी असते ते तुम्हाला आम्ही काय सांगावे? उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात तोवर ती पाणी पिते, पण भेगा एकदा मिटल्या की ती पाणी घेईनाशी होते. अशा वेळी निम्मे पाणी जरी खाली धावले तरी एक कोटी लिटर.

आता ते मोरीतून जायचे आहे. तीन फुटी पाईपातून, पाणी सेकंदाला दोन मीटर धावते असे धरले, तर एक कोटी लिटर जायला दोन तासांच्या वर लागतात. पाईप चार फुटी असेल तर सव्वा तास. पाईप एकाच फुटाने वाढला, पण पाणी जवळजवळ पावणेदोन पट गेले. हा हिशेब इंजिनिअरलाही येतो, तो काही मूर्ख नाही. पण पाईप कोरा आहे असे तो धरून चालतो. तुमच्या वावरातून वाहून आलेल्या पऱ्हाट्या, काडीकचरा, धुऱ्यावरची तुटलेली बाभूळ, यातले काही त्याच्या नकाशात येत नाही.

मोरी कुठे बसवायची हे तर त्याहून महत्त्वाचे. रस्ता नव्हता तेव्हा दहा वावरांचे पाणी दहा जागांनी पसरून उतरत होते. भराव पडला की ते सगळे भरावाच्या कडेने धावत येऊन एकाच तोंडाशी जमते. मग वरच्या अंगाचे वावर चिबडते आणि खालच्या अंगाच्या वावरात घळ पडते. दोघे शेजारी. एक म्हणतो माझे पाणी जात नाही, दुसरा म्हणतो माझ्यावर पाणी सोडले. आणि भांडतात एकमेकांशी!

पाणी साचले की पिकांचे काय होते? ज्वारी बरीच सोसते. कपाशी सोसत नाही. मुळांना हवा मिळाली नाही की पात्या-फुले गळतात. आधी ताण बसलेला असला आणि मग एकदम पाणी साचून वर ऊन पडले, की उभी पऱ्हाटी दोन दिवसांत मान टाकते. आकस्मिक मर म्हणतात ती हीच. आपण औषधाच्या दुकानात धावतो, आणि रोग असतो मोरीच्या तोंडाशी. तूर तर याहून नाजूक.

आता आमच्या पदरची एक गोष्ट. रस्ता वऱ्हाडातलाच, नाव सांगत नाही. आम्ही एप्रिलमध्ये पाहणीला गेलो होतो. हातात सर्व्हेचा नकाशा, एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर अशा मापाचा. त्याच्यावर नदी दिसते, मोठा नाला दिसतो. चार वावरांमधून जाणारे लवण त्यावर कसे दिसणार? जमीन फुफाट्यासारखी कोरडी. एक म्हातारे काका निंबाखाली बसले होते. त्यांनी विचारले, "सायेब, का पायता?" आम्ही म्हटले, नाले पाहतो. ते हसले. म्हणाले, "आता का दिसते? आषाढात या. मंग दाखवतो पाणी कुठून जाते ते." तरी उठले आणि काठीने दाखवले. इथून येते, त्या शिंदीच्या झाडाजवळून वळते, तिकडे उतरते. जिथे शिंदी उभी तिथे ओल आहे, हे वनस्पतिशास्त्र शिकलेल्या आम्हाला आधी कळायला हवे होते. आम्ही ते टिपून घेतले आणि अहवालात लिहिलेही. पण कुठे? परिशिष्टात. मुख्य तक्त्यात नकाशावरचे तेवढे नाले राहिले, कारण तक्ता नकाशावरून भरायचा असतो आणि तारीख जवळ आली होती. परिशिष्ट कोणी वाचले नाही. मोरी शिंदीपासून बरीच दूर, आराखड्याला सोयीची होती तिथे बसली.

पुढच्या श्रावणात आम्ही दुसऱ्या कामाने त्या वाटेने गेलो. भरावाला लागून काकांचे वावर पिवळे पडले होते. शिंदी पाण्यात उभी. काका काही बोलले नाहीत. चहा केला. तो चहा आम्हाला अजून जड जातो.

त्यांच्या मुलाने तहसीलमध्ये अर्ज केला. इथे कायद्याची एक बाजू नीट ऐका, कारण पुष्कळ जण इथेच फसतात. १९०६ चा मामलतदार न्यायालयांचा कायदा आजही चालतो. त्याच्या कलम ५ प्रमाणे शेतातल्या पाण्याच्या नैसर्गिक वाटेत कोणी अडथळा केला तर तो काढून टाकण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतो. शेजाऱ्याने धुरा उंच केला, पाणी अडवले, तर हे हत्यार चांगले चालते. पण अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आणि दुसरी अट अशी की अडथळा कायदेशीर अधिकाराशिवाय केलेला असला पाहिजे. सरकारी रस्त्याचा भराव मंजुरी घेऊन टाकलेला असतो. मुलाचा अर्ज तिथेच अडला. म्हणजे भराव पडल्यावर कायदा तुमच्यासाठी फार उरत नाही. जे करायचे ते भराव पडायच्या आधी.

मंजुरी देताना कोणी पाहत नाही का? पाहतात. पण काय पाहतात ते बघा. रस्ता जंगलातून जात असेल तर १९८० च्या वन कायद्याची परवानगी लागते. अभयारण्याजवळून जात असेल तर वन्यजीवांचे अभ्यासक येतात. समृद्धी काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ अभयारण्यांच्या जवळून जाते, म्हणून जनावरांना ओलांडायला काय करावे हे डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेने सांगितले. ते योग्यच झाले, आम्ही त्याच पंथाचे आहोत. पण एका बैठकीत एक ताई उठून म्हणाल्या, "रोह्याला पूल आणि आमच्या बंडीला फेरा?" त्यांना द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते. लहान लवणाला तर बंडीइतकाही वाली नाही. ते जंगल नाही, अभयारण्य नाही, पाणथळ म्हणून नोंदलेले नाही. वर्षातून पंधरा-वीस दिवस वाहते. पहिल्या पुरात त्यातून चढणीचे मासे वर जातात, आणि पाईपाचे तोंड नाल्याच्या तळापेक्षा हातभर उंच राहिले की ते चढणे थांबते. पण माशांनी हरकत कुठे नोंदवावी?

अमेरिकेत १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा आहे. त्यात ओढ्यात किंवा पाणथळीत माती टाकून भराव करायचा तर तिथल्या लष्कराच्या इंजिनिअर खात्याचा परवाना लागतो. आमच्यासारखी माणसे तिथे ओढ्याच्या काठाने चालून, कुठपर्यंत पाणी आणि कुठून जमीन, अशा झेंड्या रोवतात. ऐकायला फार छान वाटते. पण तिथले शेतकरीही त्या कायद्यावर रागावले, कारण वावरातल्या चरालाही परवाना लागेल की काय ही त्यांना धास्ती. आणि मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कायम किंवा जवळजवळ कायम वाहते तेच पाणी या कायद्याखाली येते. फक्त पावसात वाहणारे लवण तिथेही उघड्यावरच पडले. तेव्हा आणखी एक परवाना आणा अशी मागणी घेऊन आम्ही आलेलो नाही. परवान्याचे कागद लिहिण्यात आमचा जन्म गेला. कागदाने पाणी वळत नाही हे आम्हाला ठाऊक आहे.

मग धरायचे काय? मोठ्या नव्या रस्त्याला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्यासाठी जनसुनावणी होते. सगळ्या रस्त्यांना नाही. २०१३ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महामार्गाचे १०० किलोमीटरपर्यंतचे रुंदीकरण त्यातून वगळले. जिथे सुनावणी होते तिथे निदान ३० दिवस आधी नोटीस निघावी लागते, अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत ठेवावा लागतो, आणि सुनावणीचे चित्रीकरण होते. आम्ही अनेक सुनावण्यांना बसलो आहोत. तिथे लोक बोलतात ते मोबदल्यावर. बोलायलाच हवे, जमीन जाते तर पैसा नको? पण ज्याची जमीन जात नाही, नुसती शेजारी राहते, तो घरी बसतो. आणि पुढची वीस वर्षे पाणी त्याच्याच वावरात साचते. सुनावणीत "अमुक गटात पाणी अमुक ठिकाणी उतरते, तिथे मोरी नाही" एवढे एक वाक्य गट नंबरासह नोंदले गेले, की त्याचे उत्तर अहवालात द्यावेच लागते. आमच्या परिशिष्टापेक्षा त्या वाक्यात जास्त ताकद आहे.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेतात तेव्हा १९५६ च्या कायद्याखाली ३अ ची अधिसूचना निघते. तिच्यावर २१ दिवसांत हरकत घेता येते. त्याच कायद्यात मोबदला ठरवताना फक्त गेलेली जमीन मोजायची नाही, जमीन तुटल्यामुळे झालेले नुकसान आणि उरलेल्या जमिनीला पोचलेला धक्काही मोजायचा, असे लिहिले आहे. ते मागावे लागते. न मागता मिळाले असे आम्ही पाहिले नाही.

आणि सगळा दोष मोठ्या रस्त्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत पांदण रस्ते होऊ लागले. फार गरजेचे काम, पावसाळ्यात चिखलात बंडी रुतते ती तुमचीच. पण मुरूम टाकून पांदण दोन फूट उंच केली, लवणावर पाईप टाकायचा राहिला, की समृद्धीने जे होते तेच लहान मापात झाले. तिथे अहवाल नाही, सुनावणी नाही, आम्हीही नाही. सगळे तुमच्या ग्रामपंचायतीच्या हातात. शिवाय लवणातून वखर घालून ते पेरून टाकणारे आपणच आहोत. मोजणीवाला आला की त्याला नाला दिसत नाही, कारण तिथे सोयाबीन उभे असते. सातबाऱ्यावर पोटखराबात नोंद असली तर बरे. बहुतेक लवणांची ती नसते.

म्हणून एक काम सांगतो. पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी, पाणी वाहत असतानाच, दोघातिघांनी गावाच्या शिवारातून फिरायचे. गाव नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून आणायची आणि पाणी ज्या ज्या गटातून उतरते तिथे निळी रेघ मारायची. मोबाईलवर फोटो काढायचे, त्यात तारीख आली पाहिजे आणि ओळखू येईल असे एखादे झाड किंवा विहीर आली पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या. मोठ्या पुराचे पाणी कुठवर आले होते हे त्यांनाच माहीत असते. मग तो नकाशा ग्रामसभेत ठेवून ठराव करा आणि पोच घेऊन तहसीलला द्या. रस्ता येणार असो की नसो. मोजणीची माणसे एप्रिलमध्ये येतात, तेव्हा दाखवायला हातात काही असले पाहिजे.

ज्यांनी आज गाव नकाशे आणले आहेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या मागे यावे. आम्ही निळ्या पेन्सिली आणल्या आहेत. ज्यांच्या वावराशेजारी भराव पडला आहे त्यांनी मोरीच्या दोन्ही तोंडांचे फोटो दाखवावेत. कचरा काढून भागेल की तोंडच चुकीच्या जागी आहे, हे तिथल्या तिथे सांगता येईल.