घरें मिळवून देणारा दलाल : फिलिप पेटन



आज आपण ज्युबिली साजरी करीत आहों. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत या ज्युबिलीचे नियम दिले आहेत. पण ते वाचूं लागलें तर त्यांत उत्सवापेक्षां जमिनीचाच विचार अधिक आढळतो. पन्नासावें वर्ष आलें कीं कर्जापायीं वतनास मुकलेल्या मनुष्यानें आपल्या जागेवर परत जावें, अशी ती आज्ञा आहे. म्हणून जागा व घरें यांचाच धंदा करणाऱ्या एका मनुष्याचें चरित्र आज आपणांपुढें मांडावें असें आम्हीं योजिलें. साधुसंतांत त्याची गणना कोणी करणार नाहीं, हें आधींच सांगून ठेवितों.

फिलिप पेटन याचा जन्म १८७६ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील वेस्टफील्ड या गांवीं एका कृष्णवर्णी कुटुंबांत झाला. बाप न्हाव्याचा धंदा करी व तोच हुन्नर त्यानें मुलासही शिकविला. १८९९ सालीं फिलिप न्यूयॉर्क शहरीं आला. तेथें एका मोठ्या दुकानांत वजनयंत्राजवळ उभें राहण्याची नोकरी त्यानें केली, मग कांहीं दिवस वस्तरा चालविला, आणि शेवटीं एका जागेच्या दलालाच्या कचेरींत झाडलोटीस राहिला. झाडतां झाडतां त्यानें धंदा पाहून घेतला! १९०० सालीं एका भागीदारासह त्यानें आपली कचेरी थाटली. पण गिऱ्हाईक फिरकेना, आणि भागीदारही सोडून गेला. पत्नी शिवणकाम करून चूल पेटती ठेवी. भाडें थकल्यामुळें या घरांच्या दलालावरच बिऱ्हाड सोडण्याची पाळी एकाहून अधिक वेळां आली.

त्या वेळची शहराची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. उत्तरेकडील हार्लेम भागांत भुयारी रेल्वे येणार म्हणून बांधकाम करणाऱ्यांनीं चढाओढीनें इमारती उठविल्या होत्या. रेल्वे १९०४ सालीं आली, पण घरें गरजेपेक्षां फार झालीं आणि कित्येक रिकामीं पडलीं. इकडे शहराच्या मध्यभागीं पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या मोठ्या स्टेशनासाठीं वस्त्या पाडल्या जात होत्या, व तेथील कृष्णवर्णी कुटुंबांस ठाव उरला नव्हता. एकीकडे ओस घरें, दुसरीकडे बेघर माणसें. मध्यें भिंत होती ती केवळ कातडीच्या रंगाची.

ती भिंत प्रथम फुटली ती कोणाच्या धर्मबुद्धीनें नव्हे. पश्चिम १३४ व्या रस्त्यावरील दोन घरमालकांचें भांडण जुंपलें, आणि एकानें दुसऱ्याचा सूड म्हणून आपली इमारत पेटनच्या हातीं देऊन तींत कृष्णवर्णी भाडेकरू भरण्यास सांगितलें. पेटननें ती भरून दाखविली व भाडें वेळेवर वसूल केलें. तें पाहून दुसरे मालकही त्याजकडे येऊं लागले. देवाच्या योजना कधीं कधीं भांडखोरांच्या हातूनही पुढें सरकतात, असें आम्हांस वाटतें.

जून १९०४ मध्यें त्यानें आफ्रो-अमेरिकन रिअल्टी कंपनी स्थापिली. भांडवल ५,००,००० डॉलर ठरलें व भाग १० डॉलरचा ठेविला, म्हणजे मोलमजुरी करणाऱ्यासही तो घेतां यावा. याच काळांत गोऱ्यांच्या एका कंपनीनें १३५ व्या रस्त्यावरील तीन इमारती विकत घेऊन तेथील कृष्णवर्णी बिऱ्हाडें बाहेर काढलीं. पेटननें लगतच्या दोन इमारती विकत घेतल्या, त्यांतील गोऱ्या भाडेकरूंस जागा खाली करावयास लाविली, आणि बाहेर पडलेल्यांस तेथें आणून बसविलें. थोड्याच दिवसांत त्या तीन इमारतीही त्यालाच विकण्यांत आल्या. ही हकीकत ऐकून मन सुखावतें. तथापि त्या गोऱ्या बिऱ्हाडांतही लेकुरवाळ्या बायका असतीलच, हें विसरूं नये.

आतां दुसरी बाजू. जो वर्णद्वेष आजवर आपणांस नडला, त्याचाच आपण नफा करून घेऊं, असें कंपनीचें जाहीरपत्रक सांगत होतें. व्यवहारांत याचा अर्थ असा, कीं जास्त भाडें मिळेल या आमिषानें मालक वळविले जात, आणि तें जास्त भाडें भरी कोण? ज्यास दुसरीकडे दार उघडें नव्हतें तोच. पत्रकांतील फुगविलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवून गरिबांनीं भाग घेतले. इमारती मात्र गहाणांच्या ओझ्याखालीं होत्या. १९०६ सालीं भागधारकच न्यायालयांत गेले, आणि पत्रक दिशाभूल करणारें होतें असा निकाल कंपनीविरुद्ध लागला. डिव्हिडंड काय तो एकदांच, १९०७ सालीं, वांटला गेला, व १९०८ सालीं कंपनी बुडाली. तिच्याबरोबर कितीएक मोलकरणींची व हमालांची पुंजी गेली असेल! आपल्या पॅरिशमध्यें जागेसाठीं वर्गणी निघाली म्हणजे कोणी तरी उठून हिशेब विचारतो आणि आपण त्याजवर चिडतों. पेटनच्या भागधारकांत असा मनुष्य आरंभींच उठता तर बरें झालें असतें.

कंपनी गेली, पण उघडलेलें दार लागलें नाहीं. गोऱ्या मालकांनीं आपसांत करार करून कृष्णवर्णीयांस जागा न देण्याचें ठरविलें. असे करार न्यायालयांनीं अंमलांत आणूं नयेत असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला तो १९४८ सालीं. तोंवर हार्लेम भरून गेलें होतें. पेटनच्या कंपनींत काम केलेल्या नेल व पार्कर या दोघां दलालांमार्फत १९११ सालीं सेंट फिलिप्स या कृष्णवर्णी एपिस्कोपल मंडळीनें त्याच १३५ व्या रस्त्यावर दहा इमारती ६,४०,००० डॉलरांस घेतल्या. ती मंडळी आपल्या पंथाची नव्हे. पण आपली जुनी मालमत्ता विकून तिनें त्या घेतल्या, आणि ज्या घरांत तिच्या लोकांस मज्जाव होता तींच घरें त्यांस राहावयास खुलीं केलीं. पाठोपाठ १९१२ सालीं हार्लेममधील सेंट मार्क हें आपलें कॅथोलिक चर्च कृष्णवर्णीयांच्या सेवेसाठीं होली घोस्ट संघाच्या धर्मगुरूंकडे सोंपविण्यांत आलें, व तेथील शाळेंत मदर कॅथरिन ड्रेक्सेल यांच्या भगिनी शिकवूं लागल्या. या माउलीस २००० सालीं संतपद मिळालें.

पेटननें मात्र धंदा सोडला नव्हता. १९१७ सालीं त्यानें सुमारें १५ लक्ष डॉलर किंमतीच्या सहा मोठ्या इमारतींचा सौदा केला, आणि त्यांस आपल्या समाजांतील थोर स्त्रीपुरुषांचीं नांवें दिलीं. त्यांत गुलाम म्हणून विकली गेलेली कवयित्री फिलिस व्हीटली हिचेंही एक होतें. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें तो ४१ व्या वर्षीं वारला, आणि त्या घरांचें भाडें वसूल करण्याचें काम दुसऱ्यांकडे गेलें.